अर्धा बर्गर

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पहिला बर्गर खाल्ला, आणि तोही अर्धाच. १५ जानेवारी २०२० ची ती संध्याकाळ होती. तिरुचिरापल्लीच्या विमानतळावर, सुरक्षा तपासणीच्या अलीकडे, एका कोपऱ्यात लहानसे उपाहारगृह होते. सहा-सात टेबले, काचेच्या कपाटात रचून ठेवलेले समोसे आणि केकचे तुकडे, कॉफीचे यंत्र, आणि भिंतीवर एक सूचना : बाहेरचे खाद्यपदार्थ येथे खाऊ नयेत. माझ्या विमानाला दोन तास उशीर होता. पहाटे चारला उठल्यापासून पोटात दोन वेळची कॉफी आणि पानावरचा चमचाभर हलवा एवढेच गेले होते. इडल्या संपल्या होत्या. मांस नसलेला गरम पदार्थ एकच शिल्लक होता.

तो कागदी ताटलीतून आला. तीळ लावलेला गोल, फुगीर पाव. आत बटाट्या-वाटाण्याची चपटी टिकिया, कोबीची पाने, काकडीच्या दोन चकत्या आणि गोडसर पांढरी चटणी. शेजारी प्लास्टिकची सुरी. वडापावाच्या मुलखातून आलेल्या माणसाला पावात बटाटा घालून खाण्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. मुंबईत आणि दिल्लीत परदेशी बर्गरची मोठी दुकाने १९९६ साली उघडली. माझे विद्यार्थी आणि मग माझी भाचरे त्यावरच वाढली. मी मात्र कधी त्या वाटेला गेले नव्हते. त्याचे कारण चवीत नव्हते. ते आईत होते.

माझी आई तंजावरची. म्हणजे तंजावर जिल्ह्यातल्या तिरुवैयारुची. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरात भोसल्यांचे राज्य स्थापले आणि १८५५ साली ते इंग्रजांनी खालसा केले. राज्य गेले तरी त्याच्या आश्रयाने दक्षिणेत गेलेली कुटुंबे तिथेच राहिली. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ आणि गाण्यात तेलुगू अशा तीन भाषांत त्यांचा संसार वाटला गेला. आईचे माहेर त्यांपैकी एक. १९५८ साली लग्न होऊन ती पुण्यात आली, तेव्हा तिच्या मराठीला सासरची माणसे हसत. ती मराठी तिने हळूहळू बदलली. पण ताटातली चिंच आणि कढीलिंब तिने सोडला नाही, आणि प्रवासातली शिदोरीही सोडली नाही. रांधणाऱ्या हाताची ओळख नसेल तर ते अन्न घशाखाली उतरू द्यायचे नाही, हा तिचा नियम होता. मद्रासच्या गाडीत ती दशम्या आणि दहीभात घेऊन बसे. स्टेशनातल्या गरम वड्यांचा वास डब्यात शिरला, की आम्ही भावंडे खिडकीकडे पाहत असू आणि ती आमच्याकडे. पुढे मी मिळवती झाले, एकटी फिरू लागले, तेव्हाही माझ्या पिशवीत डबा असे. नियम कुणी घालून दिला हे विसरण्याइतका तो माझा झाला होता.

२०१९ च्या पावसाळ्यात आई गेली. शेवटच्या महिन्यांत तिची एकच इच्छा वारंवार वर येई : तिरुवैयारुची आराधना एकदा पुन्हा ऐकायची. ते घडले नाही. म्हणून तिच्या जागी मी गेले.

तिरुवैयारु म्हणजे पाच नद्यांचे गाव. कावेरी आणि तिच्या प्रवाहकुळातल्या आणखी चार नद्यांवरून हे नाव पडले, असे सांगतात. तंजावराच्या उत्तरेला पाऊण तासाच्या आत बस तिथे पोचते. वाटेत भाताची शेते, केळीची बने आणि एकामागून एक पूल. संत-संगीतकार त्यागराजांनी ६ जानेवारी १८४७ रोजी येथे देह ठेवला. कावेरीच्या काठी त्यांची समाधी आहे, आणि दरवर्षी पौष वद्य पंचमीला तिच्यासमोर शेकडो गायक-वादक जमिनीवर ओळीने बसून त्यांच्या पाच मोठ्या रचना एका सुरात गातात. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री हे त्यांचे राग. २०२० साली ती पंचमी आणि पोंगल एकाच दिवशी आले होते. दारोदारी तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या होत्या, ऊस उभे केले होते, आणि नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नव्या गुळाचा वास होता.

सकाळी प्रथम मिरवणूक निघाली. त्यागराज रोज गात गात गल्लीतून फिरत आणि दारातून मिळालेल्या मूठभर तांदळावर घर चालवीत. त्याला उंछवृत्ती म्हणतात. आजही आराधनेच्या दिवशी त्यांच्या राहत्या घराच्या गल्लीपासून समाधीपर्यंत गायक त्याची आठवण म्हणून गात जातात. तंजावरच्या मराठी राजाने धन पाठवून दरबारी बोलावले आणि त्यागराजांनी ते नाकारले, अशी कथा सांगितली जाते. तो राजा दुसरे सरफोजी असल्याचे बहुतेक जण मानतात. आईला ही कथा फार प्रिय होती. ‘आपला राजा होता, तरी नाही म्हणाले,’ असे ती म्हणे, आणि त्या ‘आपला’मध्ये अभिमान अधिक की हार अधिक, हे मला कधी कळले नाही. त्या सकाळी मिरवणुकीमागून चालताना माझ्या मनात आले, की या कथेत आपण नकाराचेच कौतुक करतो. पण तो माणूस घेणाराही होता. राजाचे घेतले नाही, आणि शेजारणीचे मूठभर तांदूळ रोज घेतले. घेण्यासाठी रोज कुणाच्या तरी दारात उभे राहावे लागते. देणाऱ्यापेक्षा त्याला अधिक नम्रता लागते.

समाधीसमोर बंगळूर नागरत्नम्मांचे स्मारक आहे. देवदासी कुळातल्या या गायिकेने आपली आयुष्यभराची मिळकत घालून जीर्ण झालेल्या समाधीवर मंदिर उभारले. १९२६ साली ते पूर्ण झाले. तरीही त्या काळी आराधनेत स्त्रियांना गाता येत नव्हते. नागरत्नम्मांनी मग स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली, आणि १९४० च्या सुमारास कुठे सगळे एकत्र आले. मंदिर बांधायला त्यांचे पैसे चालले. ओळीत बसायला मात्र त्यांना वाट पाहावी लागली. त्या दिवशी गाणाऱ्यांच्या ओळीत माझ्या पुढ्यात दहा-बारा वर्षांची एक मुलगी बसली होती. एका हाताने मांडीवर ताल देत होती आणि दुसऱ्या हातात अर्धवट सोललेले केळे घट्ट धरून होती. तिला तिथून उठवावे असे कुणाच्या मनातही येत नव्हते.

आईच्या आठवणीतली आराधना १९४० च्या दशकातली. तिचे घर नदीपासून दोन गल्ल्यांवर होते. त्या दिवसांत गावोगावचे गवई घरी उतरत आणि ओसरीवर पंक्तींमागून पंक्ती उठत. सगळ्यांत शेवटी, उन्हे कलल्यावर, शेतावरची माणसे परसात येत. त्यांची पाने मातीवरच मांडली जात आणि वाढणारी बाई कमरेत न वाकता वरून भात सोडत असे. भाताचा गोळा पानावर पडे तेव्हा आवाज होई. हा आवाज आईने मला एकदाच सांगितला, आणि सांगताना हाताने करूनही दाखवला. ती सात-आठ वर्षांची असताना एके वर्षी स्वतःचे पान उचलून परसात गेली आणि आपल्याच वयाच्या एका मुलीशेजारी बसली. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. मग कुणीतरी आईला दंडाला धरून ओढत नेले, विहिरीवर न्हाऊ घातले. आईला त्या न्हाण्याचे काही वाटले नाही. तिला आठवत राहिले ते इतकेच, की मागे वळून पाहिले तेव्हा त्या मुलीने जेवण थांबवले होते आणि तिची आई हात जोडून उभी होती. ‘आमच्या घरातून कुणी उपाशी गेले नाही,’ असे आजोबा अखेरपर्यंत सांगत. ते खरेच होते. आईने ते कधी खोडून काढले नाही. मी त्या मुलीचे नाव विचारले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘विचारायचे राहिले.’

आराधनेच्या आदल्या दिवशी मी ओरत्तनाडूला जाऊन आले होते. तंजावराच्या दक्षिणेला असलेल्या या गावात सरफोजींनी १८०२ साली मुक्तांबाळ छत्र उभारले. छत्र म्हणजे आपले अन्नछत्र. शब्दही तोच आणि कामही तेच. काशीहून रामेश्वराला जाणाऱ्या वाटेवर तंजावरच्या राजांनी अशी अनेक छत्रे बांधली आणि बहुतेकांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावे दिली. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला तेव्हा सरफोजींना काळजी पडली ती या छत्रांची. १८०१ साली त्यांनी इंग्रज रेसिडेंटला एक पत्र लिहिले. छत्रांत काय चालते, हे त्यात तपशीलवार सांगितले आहे. ब्राह्मणापासून परयापर्यंत येईल त्या वाटसरूला शिजवलेला भात मिळतो. जे शिजवलेले घेत नाहीत त्यांना कोरडा शिधा मिळतो. आजारी पडलेल्याला वैद्य, पोरक्या मुलाला शिक्षक, तीन वेळचे अन्न आणि चार दिवसांतून एकदा अंगाला तेल. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होतो, की अजून कुणी जेवायचे राहिले असेल तर त्याने यावे, त्याच्यासाठी भात ठेवला आहे.

हे पत्र मी पूर्वी वाचले होते. ओरत्तनाडूला त्या वास्तूच्या दगडी खांबांमध्ये उभी राहिले तेव्हा ती घंटा ऐकू आल्यासारखी वाटली आणि डोळे भरून आले. ज्याच्या हातातून राज्य गेले आहे, असा राजा परक्या सत्तेकडे काय मागतो, तर माझ्या वाटसरूंचा भात बंद करू नका. आपल्या भाषेच्या राजाबद्दल याहून चांगले काय सांगता येईल? पण त्याच क्षणी आईने हाताने करून दाखवलेला तो आवाजही आठवला. घंटा सर्वांसाठी वाजत होती. पण त्या काळाच्या रीतीप्रमाणे जातवार पंक्ती वेगळ्या असणार. कोरडा शिधा मागणारा वाटसरू तरी काय सांगत होता? भूक आहे, पण तुझ्या हातचे नको. माझी आईही आगगाडीत तेच सांगत होती, आणि पुढे माझ्या पिशवीतला डबाही. कुणी उपाशी जाऊ नये एवढी करुणा आपल्याजवळ होती. शेजारी बसण्याची वेळ आली की मात्र ती आटे.

हे सगळे डोक्यात घेऊन मी त्या संध्याकाळी विमानतळावर बसले होते. पिशवीत डबा नव्हता. तो भरून देणारी आता नव्हती. हातात प्लास्टिकची सुरी होती आणि हा पदार्थ नेमका कुठून सुरू करतात याचा मी विचार करीत होते.

टेबले भरलेली होती. एक विशीतला मुलगा पाठीवरची नवी कोरी पिशवी सांभाळत माझ्यासमोरच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. मी मान हलवली तेव्हा बसला. इस्त्रीची घडी न मोडलेला सदरा, कपाळावर विभूती, मनगटाला नवा दोरा. त्याने एक चहा मागवला आणि तो थंड होऊ दिला. मधूनमधून तो काचेपलीकडे पाहून हात हलवी. बाहेर दहा-बारा माणसांचा घोळका होता. त्यांना आत येता येत नव्हते आणि त्यांना जायचेही नव्हते. मला आईचे तमिळ येते. म्हणजे स्वयंपाकघरापुरते आणि लहान मुलांशी बोलण्यापुरते. त्यातला पहिलाच प्रश्न तोंडून गेला, “साप्पिट्टिया, तंबी?” जेवलास का रे?

तमिळ मुलखात हा प्रश्न आपल्या ‘काय, कसं काय’सारखा विचारतात. त्याने हसून ‘नंतर, अम्मा’ असे काहीसे उत्तर दिले. पुढे हळूहळू कळले ते असे. गाव पुदुकोट्टैच्या बाजूचे. सिंगापूरला बांधकामावर निघाला होता. विमानात बसायची पहिलीच वेळ. बांधकामाचे काम शिकून परीक्षा दिली होती. त्यासाठी आणि जाण्यासाठी काढलेले कर्ज फिटायला दीड वर्ष लागेल, असा हिशेब घरात झाला होता. पोंगलच्या दिवशी निघू नये असे आजीचे म्हणणे होते, पण तिकिटावरची तारीख आजीला विचारून ठरलेली नव्हती. आईने पहाटे उठून चिंचेचा भात करून केळीच्या पानात बांधून दिला होता. तो पिशवीत होता. तो इथे का खात नाहीस, असे मी विचारले. त्याने भिंतीवरच्या सूचनेकडे पाहिले, आणि मग खाली पाहून म्हणाला, तिकडे पोचल्यावर खाईन. पहाटेपासून त्याने काही खाल्ले नव्हते. कपाटावर लावलेले दर त्याने येताना वाचले होते, हे मी पाहिले होते. माझ्या पुढ्यातल्या बर्गरला जवळजवळ दोनशे रुपये पडले होते.

त्याला एक बर्गर मागवून द्यावा, हे माझ्या मनात पहिल्याने आले. ते सोपे होते. मी पर्सकडे हातही नेला. पण तो हात मला ओळखीचा वाटला. न वाकता वरून काही सोडणारा हात असाच पुढे येत असेल. मी पर्स ठेवून दिली आणि सुरी उचलली. बर्गर कापणे सोपे नसते. वरचा पाव सरकतो, खालची टिकिया फुटते, काकडी भलतीकडेच निघून जाते. दोन अर्धे काही सारखे झाले नाहीत. मोठा भाग मी ताटलीसकट त्याच्याकडे सरकवला.

तो गोंधळला. “सैवमा, अम्मा?” त्याने विचारले. शिवभक्तांच्या सैव या शब्दाचा त्या भाषेत शाकाहारी असाही अर्थ होतो. सणाच्या दिवशी, कपाळावर विभूती असताना, त्याला ते विचारणे भाग होते. “सैवमच रे,” मी म्हणाले, आणि त्या ‘च’मध्ये माझी मराठी उघडी पडली. तो हसला. मग त्याने पिशवीची चेन उघडली, टेबलाखाली धरून केळीच्या पानाची गाठ सोडली, आणि चिंच, हिंग, तिळाचे तेल, तळलेले शेंगदाणे यांचा घमघमाट त्या यंत्राच्या कॉफीवर पसरला. तो वास आमच्या पुण्याच्या घरातला होता.

इथे घेण्याची वेळ माझी होती. हा भात रांधणाऱ्या हाताची मला ओळख नव्हती. त्या घराची, जातीची, पाण्याची कशाचीच ओळख नव्हती. पहाटे उठून कुणा परक्या बाईने तो आपल्या मुलासाठी केला होता आणि त्यातला घास मागण्याचा मला काहीही अधिकार नव्हता. लिहिताना लाज वाटते, पण खरे तेच सांगते : क्षणभर मी थांबले. जातपात आपल्या मनात नाही, असे मी वर्गात तीस वर्षे शिकवत आले होते आणि ते खोटे नव्हते. तरी हात थांबला. मनाने सोडलेले हाताने सुटलेले नसते. त्याला तो थबकलेला क्षण दिसला की नाही, मला ठाऊक नाही. त्याची नजर गल्ल्यावरच्या माणसाकडे होती.

तो माणूस आमच्याकडेच येत होता. साठीचा, खांद्यावर फडके टाकलेला. मुलाने पान झाकायला हात आडवा धरला. तो माणूस काही बोलला नाही. त्याने टेबलावर दोन कोऱ्या कागदी ताटल्या आणि दोन चमचे ठेवले, सूचनेच्या दिशेने पाठ केली आणि शेजारचे, आधीच पुसलेले टेबल पुन्हा पुसू लागला.

आम्ही जेवलो. अर्धा बर्गर आणि भात. बर्गरची चव विचाराल तर टिकियेत मीठ कमी होते, चटणी गोड होती, पाव मऊ होता आणि भूक मोठी होती. भाताबद्दल मी काही लिहीत नाही. बर्गर दोन्ही हातांनी धरून खावा लागतो, डाव्या-उजव्याचा विवेक त्यात राहत नाही. आणि तो वरून वाढताही येत नाही. कापून, हात पुढे करूनच द्यावा लागतो. पण म्हणून मी त्या पदार्थाची थोरवी गाणार नाही. त्या उपाहारगृहात कुणी कुणाची जात विचारत नव्हते हे खरे. तसेच दोनशे रुपये नसलेला माणूस थंड चहा पुढे घेऊन बसला होता, हेही खरे. परसात बसवणारी रीत गेली, तिच्या जागी दराची पाटी आली. त्या टेबलावर जे घडले त्याचे श्रेय बर्गरला नाही, मला तर नाहीच. ते असलेच तर मुलाने सोडलेल्या गाठीला आणि न मागता आलेल्या दोन ताटल्यांना आहे.

माझ्या विमानाची घोषणा झाली. मुलगा उठून उभा राहिला आणि वाकून नमस्कार करून गेला तो थेट काचेकडे, बाहेरच्या माणसांना आपण जेवलो हे हातवाऱ्यांनी सांगायला. चेन्नईच्या वाटेवर, खाली दिवे विरळ होत असताना, माझ्या ध्यानात आले, की मी त्याचे गाव विचारले, काम विचारले, कर्ज विचारले. नाव विचारायचे राहिले.

पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. मार्चच्या अखेरीस आपल्या देशातली विमाने थांबली. एप्रिलमध्ये सिंगापूरच्या बातम्या येऊ लागल्या. तिथल्या परदेशी कामगारांच्या वसतिगृहांत, जिथे तीन लाखांहून अधिक माणसे राहत होती, साथ झपाट्याने पसरली. खोल्यांची दारे बंद झाली आणि हजारोंना तयार जेवणाचे डबे पोचवले जाऊ लागले. त्या बातम्यांबरोबरची छायाचित्रे मी निरखून पाहत असे. ओळखू येण्यासारखे त्यात काही नसे. त्याने कुणाच्या हातचे खाल्ले असेल, कुणाशेजारी बसून खाल्ले असेल, एवढाच विचार मनात येई. जून २०२४ मध्ये तिरुचिरापल्लीचा विमानतळ नव्या, भव्य इमारतीत गेला. ते टेबल आता कुणाला दाखवावे म्हटले तरी दाखवता यायचे नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या घरी वीस वर्षे एक बाई कामाला येतात. त्यांच्या मुलीच्या शिक्षणाला मी मदत केली, आजारपणात पैसे दिले, टाळेबंदीच्या महिन्यांत पगार आणि धान्य पोचवले. यात माझे काही मोठेपण नाही. पुष्कळ घरांतून हे होते. त्या दुपारी स्वयंपाकघराच्या जमिनीवर, भिंतीला टेकून जेवतात. बसा असे मी त्यांना सांगितले नव्हते, आणि बसू नका असेही कधी सांगितले नव्हते. तिरुचिरापल्लीहून परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटले, “आजपासून माझ्याबरोबर टेबलावर जेवा.” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हसून म्हणाल्या, “नको ताई, मला हितंच बरं वाटतं.” मी पुन्हा म्हटले. त्या पुन्हा नको म्हणाल्या. त्या नकारात राग नव्हता; पण माझ्या सोयीसाठी आपली जागा बदलण्याची तयारीही नव्हती. वीस वर्षांनी आलेल्या आमंत्रणाला त्या तरी काय म्हणणार?

मी बराच वेळ ताट पुढे घेऊन टेबलाशी बसून राहिले. मग ताट उचलले आणि खाली गेले. गुडघे आता लवकर वाकत नाहीत. भिंतीचा आधार घेत बसावे लागले. त्यांनी आपला पाण्याचा तांब्या उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला आणि जराशा सरकून मला जागा करून दिली.